स्थायी समितीच्या सदस्यांस खुले पत्र : पैसे टनाला नको, गॅसला द्या

महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांच्या स्थायी समित्यांचे सभापती आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

घरातल्या ओल्या कचऱ्यापासून गॅस किंवा वीज करण्याचे प्रस्ताव आपल्या सभेपुढे वरचेवर येतात. किती टन, किती कोटी, किती वर्षांचा करार, एवढं पाहून ते मंजूर होतात. मग फीत कापली जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो. पुढे कित्येकदा तीन-चार वर्षांत त्याच फाटकाला कुलूप दिसतं आणि शेजारपाजारचे लोक म्हणू लागतात, ‘कचऱ्यापासून गॅस वगैरे आपल्याकडे चालायचं नाही.’

मी या बायोगॅस प्रकल्पांच्या देखभालीचं काम करतो. चालणारे प्रकल्प पाहिलेत, बंद पडलेले पुन्हा सुरू करून दिलेत आणि काही डोळ्यांदेखत बंद पडतानाही पाहिलेत. ‘चालायचं नाही’ हे खरं नाही, हे मी खात्रीनं सांगतो. बंद पडण्याचं मूळ बहुतेक वेळा टाकीत किंवा यंत्रात सापडत नाही. ते आपण मंजूर केलेल्या करारात असतं. ठेकेदाराला पैसे प्रकल्पात ओतलेल्या कचऱ्याच्या वजनावर मिळतात. ते त्यातून निघालेल्या आणि प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या गॅसवर मिळाले पाहिजेत. एवढं एक कलम बदललं तर बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप सुधारतील. असं का, ते सविस्तर लिहितो.

वॉर्डातल्या एका पाच टनी, म्हणजे रोज पाच टन कचरा घेणाऱ्या, प्रकल्पावर सकाळी काय होतं ते बघा. घंटागाड्यांतून गोळा झालेला कचरा घेऊन मोठी गाडी येते, वजनकाट्यावर चढते, पावती फाटते आणि कचरा ओट्यावर ओतला जातो. ओट्याभोवती चार बायका हातमोजे घालून उभ्या असतात. शिळा भात, पोळ्यांचे तुकडे, दोडक्याच्या साली, चहाचा चोथा, आमटीचा गाळ हे सगळं टाकीला हवंच असतं. पण त्याच ढिगात शहाळ्याची टरफलं असतात, आंब्याच्या कोयी असतात, निर्माल्यातला दोरा आणि थर्माकोल, शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, गाठ मारलेल्या काळ्या पिशवीत डायपर, आणि कुणाच्या तरी खरकट्याबरोबर आलेला स्टीलचा चमचा. चमचा हाताला लागला नाही तर कचरा बारीक करणाऱ्या क्रशरचं पातं जातं. नारळाची शेंडी सुटली तर स्लरीच्या, म्हणजे दळलेल्या कचऱ्याच्या पातळ काल्याच्या, पंपात गुंडाळून बसते. पात्यांचा संच यायला आठ-दहा दिवस लागतात, कारण सुटे भाग आधी आणून ठेवायला पैसेच ठेवलेले नसतात.

त्या आठ-दहा दिवसांतही गाडी येतेच. काट्यावर चढते, पावती फाटते. क्रशर बंद, म्हणून तोच कचरा दुपारी दुसऱ्या गाडीत भरून कचरा डेपोवर जातो. महिनाअखेरीला वजनाच्या पावत्या जोडून बिल निघतं. शहाळ्याचं वजन, पिशवीतल्या पाण्याचं वजन, रस्त्याच्या झाडलोटीतल्या मातीचं वजन, सगळ्याला एकच दर. आता सांगा, अशा करारात ठेकेदारानं चार बायकांच्या जागी सहा कशाला ठेवाव्यात? चमचा शोधायला वेळ कशाला घालवावा? मी कुणाला चोर ठरवत नाही. यांतली कित्येक माणसं सचोटीची आहेत आणि बिलं वेळेवर न मिळाल्यानं बुडालेलीही आहेत. पण करार त्यांना जे करायला सांगतो तेच ती करतात, आणि करार त्यांना काटा सांभाळायला सांगतो.

टाकीच्या आत काय चालतं हे सभागृहात कुणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. बायोगॅसची टाकी हे काही बटण दाबून चालणारं यंत्र नव्हे, ती दावणीच्या म्हशीसारखी असते. रोज ठरल्या वेळी, ठरलं तेवढं, पचेल असंच खायला घालावं लागतं. आत सूक्ष्मजीवांच्या दोन मोठ्या फळ्या असतात. पहिली अन्न फोडून त्याची आम्लं करते आणि हे काम झपाट्यानं उरकते. दुसरी त्या आम्लांपासून मिथेन करते. तिची वाढ सावकाश होते आणि ती नाजूक असते. दिवाळीत किंवा लग्नसराईत एकदम दुप्पट कचरा आला आणि तो सगळा टाकीत ढकलला, की पहिली फळी आम्लांचा मारा करते आणि दुसरी गारद होते. टाकीतला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) सातच्या आसपास असायला हवा. तो साडेसहाच्या खाली गेला की गॅस साठवण्याचा फुगा भरलेला दिसतो, पण शेगडी पेटत नाही, कारण आतमध्ये बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. आंबूस वास सुटतो, शेजारच्या इमारतीतून तक्रार जाते आणि तिसऱ्या दिवशी एखादा अधिकारी तोंडी सांगतो, ‘बंद ठेवा काही दिवस.’ असे ‘काही दिवस’ चालता चालता वर्ष उलटलेलं मी पाहिलं आहे.

खरं तर उपाय साधा असतो. खाणं थांबवायचं, चुन्याचं पाणी आणि ताज्या शेणाचा काला बेतानं घालायचा, दोन-तीन आठवडे धीर धरायचा. लिंबू-मोसंबीच्या साली जास्त झाल्या तर त्या बाजूला काढायच्या. थंडीत पचन मंदावतं, तेव्हा खाणंही कमी करायचं. पण हे कळणारा माणूस तिथे असावा लागतो. निविदेत त्याची जागा ‘हेल्पर’ म्हणून धरलेली असते, आणि हेल्परच्या पगारात टिकणारा माणूस टाकीची नाडी शिकेपर्यंत दुसरीकडे निघून जातो.

आता दुसरा प्रश्न, जो हल्ली मोठ्या शहरांत प्रत्येक बैठकीत निघतो : एवढी नाजूक भानगड कशाला, सरळ जाळून वीज का करू नये? हिशेब करून बघू. घरच्या ओल्या कचऱ्यात ७० ते ८० टक्के पाणी असतं. अशा एक किलो कचऱ्यात कोरडा भाग जेमतेम पाव किलो. त्यातून हजारएक किलोकॅलरी उष्णता मिळेल, आणि पाऊण किलो पाण्याची वाफ करायलाच साडेचारशेच्या घरात खर्च होईल. उरलेल्यात भट्टी तापती ठेवायची, बॉयलर चालवायचा आणि वीजही काढायची. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ऊर्जेसाठी वापरायच्या, पुनर्वापर न होणाऱ्या कचऱ्याला किलोमागे १५०० किलोकॅलरींची अट घातली होती, ती उगाच नव्हती.

ही चूक देशानं एकदा पैसे मोजून केलेली आहे. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कचं तंत्रज्ञान आणून रोज ३०० टन कचरा जाळणारा, पावणेचार मेगावॉटचा प्रकल्प उभारला होता. चाचणीचे २१ दिवस तो चालला आणि बंद पडला. तिथल्या कचऱ्यात ओल होती, माती होती, जळण्याजोगं फारसं काही नव्हतं, कारण रद्दी-भंगार आपल्याकडे आधीच वेचलं जातं.

पिंपरी-चिंचवडच्या मोशीत कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. सुमारे ३०० कोटींचा हा प्रकल्प वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरेल असं तेव्हा जाहीर झालं. अशा प्रकल्पांना माझा सरसकट विरोध नाही. चिंध्या, फाटक्या चपला, अनेक थरांचं प्लास्टिक, ज्याला भंगारवालाही हात लावत नाही, त्याचं काहीतरी करायलाच हवं. चिमणीच्या धुराची मोजणी लोकांना दिसेल अशी लावा आणि खुशाल चालवा. पण भट्टीची भूक भागत नाही म्हणून घरातला ओला कचरा तिच्याकडे वळवू नका. त्यात भट्टीचंही नुकसान आहे आणि गॅसचंही.

गॅस किती निघतो तेही सांगतो, कारण प्रस्तावात आकडे फुगवलेले असतात. नीट वेगळा केलेला एक टन ओला कचरा असेल तर ८० घनमीटर गॅस धरायला हरकत नाही. मिसळलेला आला तर त्याच्या निम्म्यावर समाधान मानावं लागतं. म्हणजे पाच टनांचा प्रकल्प भरल्या पोटानं चालला तर दिवसाला ४०० घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस साधारण ४०० ग्रॅम एलपीजीचं काम करतो. तेव्हा हे झालं १६० किलो एलपीजीएवढं, म्हणजे घरगुती १४.२ किलोचे अकरा सिलिंडर, रोज, एका वॉर्डाच्या उष्ट्या-खरकट्यातून.

याच गॅसवर जनरेटर चालवला तर सहाशेच्या आसपास युनिट वीज मिळते. त्यातली बरीच क्रशर, पंप आणि ब्लोअर खाऊन टाकतात. इंजिनात गॅसच्या ऊर्जेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची वीज होते, बाकीची उष्णता हवेत जाते. वर गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिन आतून खातो. शुद्धीकरणाच्या नळकांड्यातला, तो शोषून घेणारा लोहाचा कीस वेळेवर बदलला नाही तर इंजिनाचं ऑइल काळं-आंबट होतं आणि एक दिवस जनरेटर कायमचा बसतो. बंद पडलेल्या प्रकल्पांत मला सगळ्यांत जास्त वेळा दिसलेलं दृश्य हेच : टाकी चांगली, फुगा चांगला, जनरेटर मेलेला, आणि म्हणून सगळंच थांबलेलं. ‘कचऱ्यावर पथदिवे’ ही बातमी छान होते, याची मला कल्पना आहे. तरीही लहान प्रकल्पात वीज करू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. गॅस सरळ शेगडीला द्या.

त्यासाठी जागा निवडण्याची रीत उलटी करावी लागेल. आज ज्या वॉर्डात आरक्षणाचा मोकळा तुकडा आहे तिथे प्रकल्प जातो, आणि मग गॅसचं काय करायचं याचा विचार सुरू होतो. आधी स्वयंपाकघर शोधा. पालिकेचं रुग्णालय, विद्यार्थ्यांचं वसतिगृह, शालेय पोषण आहाराचं मध्यवर्ती स्वयंपाकघर, पोलिसांचं भोजनालय, मोठं मंगल कार्यालय. त्याच्या आवारात किंवा दोन-तीनशे मीटरच्या आत टाकी बसवा, कमी दाबाची पाइपलाइन टाका. एकदा शंभर माणसांचं जेवण त्या गॅसवर शिजू लागलं की प्रकल्प बंद पडल्याची खबर आचारी त्याच दिवशी देतो. तपासणीच्या अहवालाची वाट बघावी लागत नाही. मला विचाराल तर प्रकल्प जिवंत ठेवायला यापेक्षा चांगली देखरेख नाही.

हे तंत्र परकं किंवा नवखं आहे असं समजून बिचकायचं कारण नाही. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यापासून निघालेल्या गॅसवर दिवे लागले होते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी उरलेल्या अन्नावर चालणारं छोटं घरगुती संयंत्र तयार केलं. एका प्लास्टिकच्या टाकीत उपडी बसवलेली दुसरी टाकी, बस्स. त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेण हे जनावरानं आधीच पचवून झालेलं अन्न, त्यात गॅस कमीच उरणार. भात-पिठात तो भरपूर असतो, हे त्यांचं सांगणं आजही आमच्या धंद्याचा पाया आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांचं ‘निसर्गऋण’ संयंत्र तर माथेरानसारख्या, मोटारींना बंदी असलेल्या डोंगरावरही बसवलं गेलं. आपल्याकडे माणसं होती, ज्ञान होतं. अडलं ते रोजच्या चालवण्यात.

इंदूरचं उदाहरण आपल्यापुढे नेहमी ठेवलं जातं, आणि ते ठेवलंच पाहिजे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला १७ टन शुद्ध केलेला दाबाखालचा गॅस तयार करण्याची त्याची क्षमता, आणि त्यातला काही शहराच्या बसना. आपले दौरे तिथे जातात आणि परत येऊन ५०० टनांचा प्रस्ताव मांडतात. पण इंदूरची खरी कमाई त्या टाक्यांच्या आधीची आहे. दारातच ओलं-सुकं वेगळं घेतलं जातं, गाडीत कप्पे वेगळे असतात आणि मिसळलेला कचरा गाडीवाला उचलत नाही. ती शिस्त बसवायला त्यांनी वर्षं घालवली, मग प्रकल्प उभा राहिला. आपण ती वर्षं वगळून नुसती टाकी आणायला बघतो. जिथे वर्गीकरण खरोखर बसलं आहे तिथे मोठा प्रकल्पही जरूर करा. जिथे नाही, तिथे पाच टनांनी सुरुवात करा. पाच टनांत शिकलेलं पुढे पाचशे टनांत उपयोगी पडतं.

तर निविदेत काय हवं? पहिलं, गॅसचा मीटर. टाकीतून बाहेर पडणाऱ्या आणि शेगडीकडे जाणाऱ्या नळीवर, सील केलेला, त्याचा आकडा फाटकावरच्या फलकावर रोज लिहिलेला. बिलाचा मोठा भाग या आकड्यावर द्या. नुसता गॅस मोजू नका, त्यातला मिथेनही महिन्यातून एकदा तपासा, नाहीतर कार्बन डायऑक्साइडचे पैसे मोजत बसाल. सुरुवातीचे तीन महिने टाकीतलं पचन सुरळीत होण्यात जातात, त्या काळाला ठरावीक रक्कम द्या. ते न दिल्यानंच ठेकेदार घाईनं टाकी भरतो आणि ती आंबवून ठेवतो.

दुसरं, गाडी परत पाठवण्याचा अधिकार. पैसे गॅसवर मिळणार असतील तर कचरा चांगला मिळण्याची हमीही पालिकेनं द्यायला हवी, नाहीतर तो ठेकेदारावर अन्याय होईल. ओट्यावर ओतण्याआधीच मिसळलेली गाडी दिसली तर प्रकल्पचालकानं नोंद करून ती परत करावी आणि ती नोंद त्या भागाच्या आरोग्य निरीक्षकाच्या टेबलावर जावी. आज वर्गीकरण न झाल्याचा त्रास ओट्यावरच्या चार बायकांपलीकडे कुणालाच होत नाही, म्हणून ते होत नाही.

तिसरं, दुरुस्तीचं वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात तिच्यासाठी राखलेली वेगळी रक्कम. उभारणीला कोट्यवधी मिळतात आणि पंपाचा भाग आणायला फाइल फिरत राहते, हे थांबलं पाहिजे. पात्यांचा एक संच, पंपाचे भाग, फुग्याचा जोड आणि शुद्धीकरणाचा कीस कायम कपाटात असलाच पाहिजे, अशी अट घाला.

आणि एक अट अशी, जिच्यावर कसलीही तडजोड नको : टाकीत माणूस उतरवायचा नाही. गाळ काढायला नाही, अडकलेली नळी सोडवायला नाही, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून तर नाहीच. आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. गाळ बाहेरून पंपानं काढता येईल अशीच रचना नकाशात मागा, आणि ती नसेल तर प्रस्ताव परत पाठवा.

ओट्यावरच्या बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी साधी मागणी या बायकांनी घरोघरी पोचवली. कुठल्या सोसायटीचा कचरा कसा येतो, कुठल्या मजल्यावर कोण ऐकतं, हे त्यांना पाठ असतं. प्रकल्पावर वर्गीकरणासाठी परकी माणसं आणण्यापेक्षा त्याच भागातल्या कचरावेचकांना नेमा, महिन्याचा ठरावीक पगार द्या, साप्ताहिक सुटी, आंघोळीची जागा, हातमोजे आणि धनुर्वाताची लस द्या. गॅस जास्त निघाला तर त्यातला वाटा त्यांना बोनस म्हणून द्या. त्यांनी काढलेला चमचा प्रकल्पाचे आठ दिवस वाचवतो, त्याचे पैसे त्यांना मिळायला हवेत.

सोसायट्यांचा विषय थोडक्यात. मोठ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा आवारातच जिरवावा अशी अपेक्षा आहे आणि काही महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलतही देतात. सवलत दरवर्षी प्रत्यक्ष बघूनच द्या. चोवीस तासांत खत करून देणारी यंत्रं ठिकठिकाणी बसवलेली दिसतात. ती विजेवर कचरा तापवून वाळवतात, बाहेर पडतो तो भुसा खत नसतो. ऊर्जा मिळवायच्या ऐवजी तिथे ती खर्च होते. तीस-चाळीस घरांच्या सोसायटीला कंपोस्टचे साधे हौदच बरे. जिथे दोन-तीनशे घरं आहेत आणि गॅस वापरायला क्लबहाउसचं किंवा वॉचमन-माळी मंडळींचं स्वयंपाकघर आहे, तिथे छोटा बायोगॅस उत्तम चालतो.

हे सगळं नाही केलं तरी कचरा कुठेतरी सडणारच आहे आणि मिथेन होणारच आहे. टाकीत झाला तर शेगडीत जळतो. डेपोवर झाला तर हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त तापवतो. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जात आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर अर्ध्या शहरानं श्वासातून घेतला. अशा ढिगांच्या पोटातल्या आगी धुमसत ठेवतो तो हाच मिथेन. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध रस्त्यावर उतरून वर्षं घालवली. त्यांच्या विहिरींत उतरलेलं काळं पाणी आपल्या घरातल्या भाताचं आणि भाजीचं होतं. आपल्या ताटातलं उरलेलं दुसऱ्या गावाच्या विहिरीत जाऊ नये, याची जबाबदारी शहराची आहे आणि शहराच्या वतीनं सही करणारे आपण आहात.

पुढच्या वेळी असा प्रस्ताव विषयपत्रिकेवर आला की कृपया तीनच गोष्टी विचारा. बिल कशावर निघणार? गॅस कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार? आणि पंपाचा भाग तुटला तर तो किती दिवसांत, कुठल्या पैशातून येणार? उत्तर मिळालं नाही तर विषय तहकूब ठेवा. मंजुरीआधी आपल्या शहरातल्या एखाद्या चालू आणि एखाद्या बंद प्रकल्पावर सकाळी कचरा ओतला जातो त्या वेळी, आधी न कळवता जाऊन या. निविदेचा मसुदा वाचून त्यात काय राहिलं आहे ते सांगायला माझ्यासारखे या कामातले लोक विनामूल्य वेळ देतील. बोलावलंत तर मी स्वतः येईन.

आपला,
बायोगॅस प्रकल्पांवर काम करणारा एक तंत्रज्ञ
पुणे